पेवाचा वास
बाटलीचं ओलं बूच नाकाशी नेलं की फर्दापूरचं ते हॉटेल आठवतं. मी तिथं वेटर होतो. एका पाहुण्या साहेबांनी वीस वर्षं जपलेली रेड वाइन जेवताना उघडली आणि सगळं टेबल वाहवा करू लागलं. मी बूच हुंगलं. "साहेब, ही बिघडलीय. आमच्या पिशोरला जमिनीतल्या ज्वारीच्या पेवात ओल शिरली की असाच कुबट वास येतो." मॅनेजर खेकसला, "नोकरी नको व्हय तुला?" साहेबांनी मात्र पुन्हा वास घेतला, ग्लास बाजूला सारला आणि दुसरी, जुनी व्हाइट वाइन उघडून माझ्यापुढं धरली. तिला मधाचा, सुक्या जर्दाळूचा वास होता. "ही लई झकास मुरलीय," मी म्हणालो. आज वाइन चाखणं हीच माझी नोकरी आहे. कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी बेधडक सांगतो, पेवाच्या तोंडाशी.