रूळ वितळले तो बाजार

आमच्या भागात विहीर खोदली की पाणी लागतं, पण खारं. नांदुऱ्यापासून पूर्णेकडे उतरत गेलं की प्रत्येक गावात तेच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूतखड्यानं अंगणात लोळणारा माणूस एक तरी भेटतोच. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, म्हणून आमच्या पाण्याचा निकाल नागपुरात लागायचा, आणि तिथले साहेब गोडं पाणी पिऊन आमचे अर्ज वाचायचे.

सतरा गावं मी स्वतः हिंडलो. कोणत्या विहिरीची खोली किती, किती माणसं त्या पाण्यावर, गोडं पाणी किती कोसांवर, हे सगळं लिहून पाठवलं. वरून उत्तर आलं की कौन्सिलच्या पावसाळी बैठकीत तुमच्या मेंबरानं विषय मांडला तर विचार होईल, नाहीतर प्रकरण बंद करण्यात येईल. आणि त्याच हिवाळ्यात आमचे मेंबर वारले. ऐन उन्हाळ्यात पोटनिवडणूक लागली. मी उभा राहिलो. समोर एक जिनिंगवाले शेठजी होते. त्यांना सरकीचा भाव ठाऊक होता. पाण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

माझ्याजवळ एक साप्ताहिक होतं, एक पायानं चालवायचं छापयंत्र, अक्षरांचे खिळे जुळवणारा एक म्हातारा जुळारी, आणि एक वाक्य. ते वाक्य प्रत्येक अंकाच्या माथ्यावर असे : ‘छापल्याशिवाय खरे मानू नये.’ दलाल लोक बाजारात कापसाचे खोटे भाव तोंडी पसरवून शेतकऱ्याला नाडत, त्यावर हा माझा उपाय होता. खरे भाव मी छापायचो. गावोगाव एक जण अंक वाची, बाकीचे ऐकत. लोकांनी ते वाक्य पाठ केलं. त्याचा मला अभिमानच होता.

मतदान मंगळवारी होतं. शनिवारी दुपारच्या गाडीनं शेठजींची पत्रकं उतरली. जाड, पांढरा कागद, सुरेख छपाई. मजकूर एवढाच : ‘संपादकांनी शेठजींच्या बाजूने आपली उमेदवारी मागे घेतली आहे. मतदारांनी नोंद घ्यावी.’ खाली छापखान्याचं नाव नव्हतं. ते नसणं कायद्यानं गुन्हा आहे, पण तो कायदा गावात मला आणि जुळाऱ्यालाच माहीत.

“उद्या बाजार आहे,” मी म्हटलं. “सगळी गावं येतील. खुलासा छापू, आत्ताच.”

जुळारी आतून म्हणाला, “कायनं छापता, साहेब? रूळ गेले.”

खिळ्यांवर शाई फिरवणारे रूळ सरस आणि काकवी शिजवून ओतलेले असतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते मऊ पडतात, म्हणून आम्ही ते दुपारी डब्यात घालून विहिरीत पाण्याच्या जरा वर टांगून ठेवत असू. पाणी खारं असलं तरी गार असे. त्या वर्षी पाणी इतकं खाली गेलं की दोर पुरला नाही आणि डबा वरच लोंबत राहिला. उघडून पाहिलं तर आत काळा चिखल, आणि त्यात मुंग्या.

बायकोनं चूल पेटवली. सरस होता, काकवी शेजारून आणली. पुन्हा ओतले. संध्याकाळी साचा उघडला तर रूळ पोळीच्या कणकेसारखा हाताला आला.

“अहो, थंडी असती तर बसला असता,” ती म्हणाली.

“थंडीत निवडणूक असती तर,” मी म्हटलं.

शेवटी चिंध्यांची पोटली करून तिनं शाई थापली. निघालेले कागद असे, की निम्मी अक्षरं बुजलेली, निम्मी फिकट. तेच घेऊन रविवारी बाजारात गेलो.

कडब्याच्या गाड्यांजवळ एका गावचे पाटील पाच-सहा मतदारांना घेऊन बसले होते. मला पाहून उठले, रामराम केला.

“काऊन बसले साहेब तुमी? आमी त तुमालेच मत देनार होतो.”

“पाटील, मी बसलो नाही. मी उभा आहे. हे खोटं पत्रक आहे.”

“पन छापेल हाये ना.”

“मी स्वतः समोर उभा राहून सांगतो आहे!”

“तोंडाचं काय घेऊन बसता? तुमीच मंता, छापल्याशिवाय खरं मानू नका.” बाकीचे हसले. एक जण म्हणाला, “साहेबाले शेठजीनं काई देलं असन, आता घरून बोलनी बसून राह्यली म्हनून पलटले!”

मी माझा कागद पुढे केला. पाटलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. अंगठ्यानं माझी शाई पुसून पाहिली. ती पुसली गेली.

“हा तुमचा नाई,” ते शांतपणे म्हणाले. “तुमचा छापा आमी वळखतो. हे कोनंतरी तुमच्या नावानं केलं. जपून राहा, साहेब.”

त्यांना माझी खरोखर काळजी वाटत होती. मी ओरडलो, हात जोडले, माझ्या मुलांची शपथ घेतली. शपथ घेतल्यावर तर ते जास्तच संशयानं पाहू लागले. बाजार उठेपर्यंत घसा गेला. सतरापैकी तीन गावांनी माझं ऐकलं, तीही मला वाटतं दयेनं.

मी पडलो. पुढच्या अंकात दोघांच्या मतांचे आकडे छापले, स्वतः तपासून. तोवर वळवाचा पाऊस झाला होता, रूळ चांगले बसले होते, अक्षर न् अक्षर उठलं. खुलासाही छापला. आता सगळ्यांनी तो खरा मानला. पाटील वाईट वाटून भेटायला आले. पावसाळी बैठकीत शेठजी एक शब्द बोलले नाहीत, आणि प्रकरण बंद झाल्याचं पत्र मला आलं.

त्यानंतर एक शेतकरी आला. त्याचा मुलगा मूतखड्यानं महिनाभर अंथरुणावर होता. छापखान्याच्या दारात बसून तो म्हणाला, “साहेब, येत्या साली गोडं पानी येते, असं छापा ना.”

“येणार नाही, बाबा. प्रकरण बंद झालं.”

“तुमी छापा त खरं. तुमी छापलं की होते.”

जुळाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात खिळे जुळवायची पट्टी होती, खिळे समोर होते. मी मान हलवून नाही म्हटलं.

तो माणूस बराच वेळ उठला नाही. त्याला वाटत होतं, मी मनावर घेत नाही एवढंच.