शिकागोचा एक तास

अशी कल्पना करा. तुम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बसला आहात आणि तुम्हाला शिकागोचा राहुकाळ काढायचा आहे. दिवसातला हा दीडेक तास अशुभ, त्यात बाहेर पडू नये, असं मानणारे मानतात. इथलं कॅलेंडर तिथं उपयोगाचं नाही, कारण राहुकाळ सूर्यावर ठरतो आणि सूर्य गावागणिक वेगळ्या वेळी उगवतो. तेव्हा आधी शिकागोचा सूर्योदय काढा, मग सूर्यास्त. मधल्या वेळेचे आठ सारखे भाग करा. सोमवारी दुसरा भाग राहूचा, शनिवारी तिसरा, असं प्रत्येक वाराचं ठरलेलं. हे महिन्याच्या सगळ्या दिवसांसाठी, लॉगॅरिदमची टेबलं आणि एक पेन्सिल घेऊन. आणि चुकलात, तर तिथला सूर्य काही सांगायला येणार नाही.

आकाराम मास्तर हे काम १९९४ च्या दिवाळीपासून करत होते. हायस्कूलवर गणित शिकवायचे, मूळचे गगनबावड्याकडचे. "आमच्याकडं चार म्हैने सूर्य दिसायचाच न्हाय," ते सांगायचे, "म्हणून न बघता काढायला शिकलो." राहूवर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "भागाकारावर हाय की."

गिऱ्हाईक त्यांना एकही नव्हतं. होत्या त्या आया. ज्यांची पोरं परदेशात गेली, त्या. पहिल्या आल्या शेजारच्या बायडाबाई. नवरा वारल्यावर कांदा-लसणीच्या चटणीवर त्यांनी घर चालवलं होतं आणि लेकीला, अक्षताला, इंजिनिअर केलं होतं. अक्षता मास्तरांचीच विद्यार्थिनी. फळ्यावर मास्तरांचं चिन्ह चुकलं तर सगळ्या वर्गात उभं राहून "सर, वजा पायजे" म्हणणारी. लग्न होऊन ती शिकागोला गेली, आणि बायडाबाई दर महिन्याला मास्तरांकडून कागद करून घेऊ लागल्या. एक प्रत टपालानं लेकीला, दुसरी फोनच्या वर खिळ्याला.

शिकागोचा सूर्योदय मास्तर अक्षांश-रेखांशावरून काढायचे. तिथलं घड्याळ किती मागं, हे त्यांनी शाळेच्या ॲटलासमधून एकदाच टिपून घेतलं होतं: साडेअकरा तास.

११ एप्रिल १९९८, शनिवार. संध्याकाळी सातला बायडाबाईंचा फोन वाजला. अक्षताला नववा महिना लागला होता.

"आई, रात्रीपासनं बाळ हललं न्हाई. दवाखान्यात निघालोय."

"किती वाजलं तिकडं?"

"साडेआठ."

बायडाबाईंनी खिळ्यावरच्या कागदावर बोट फिरवलं. आठ छत्तीस ते दहा पंधरा. "निघू नगंस! राहू लागतोय आता. सव्वादहाला पाय भाईर काढ. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

त्या दिवशी ऑपरेशन करून बाळाला काढलं. मुलगी. रडायला फार वेळ लावला तिनं. जगली, पण उजवा हात आणि उजवा पाय मागं राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाव ठेवलं सोनम.

बायडाबाई पेढे घेऊन आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. "मास्तर, तुमच्या कागदानं वाचवलं बघा. ऐन राहूत निघाली असती तर काय हाताला लागलं असतं?"

मास्तरांनी पेढा खाल्ला. पुढं कितीतरी वर्षं त्यांना त्या पेढ्याची चव आठवत राहिली.

जूनमध्ये ते जुलैच्या कागदाची झेरॉक्स काढायला वसीमच्या एसटीडी बूथवर गेले. वसीमनं भिंतीवर पाटी लावली होती: कुठला देश किती तास मागं, किती पुढं. शिकागोसमोर लिहिलं होतं, साडेदहा.

"वसीम, पाटी चुकली तुझी. साडेअकरा पायजे."

"पाटी बराबर हाय, मास्तर. उन्हाळ्यात ती लोकं घड्याळ एक तास म्होरं सारत्यात. एप्रिल ते ऑक्टोबर."

"कोण सारतंय?"

"समदा देश! एका रात्रीत." वसीम हसायला लागला. "गणिताचं मास्तर तुम्ही, आन् तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

मास्तर झेरॉक्स तिथंच विसरून घरी आले. पेन्सिल घेतली आणि एकच बेरीज केली. आठ छत्तीसमध्ये एक तास. दहा पंधरामध्ये एक तास.

त्या शनिवारी शिकागोच्या घड्याळात राहुकाळ होता नऊ छत्तीस ते अकरा पंधरा. साडेआठला एका तासाहून जास्त मोकळा वेळ होता आणि दवाखाना घरापासून वीस मिनिटांवर. चांगल्या वेळेत पोरीला थांबवून ऐन राहूत बाहेर काढलं होतं. बरं, राहूला बाजूला ठेवलं तरी सुटका नव्हती. कागद बरोबर असता तर बायडाबाई म्हणाल्या असत्या, पळ. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं, आणि त्याखाली सही मास्तरांची होती.

चार उन्हाळ्यांचे सगळे कागद चुकले होते. पुढचे त्यांनी गुपचूप दुरुस्त केले. एक तास पुढं का गेला, हे कुठल्याच आईनं विचारलं नाही.

बायडाबाईंना सांगायला ते तीनदा गेले. एकदा त्या मिरच्या भाजत होत्या, मास्तर ठसक्याचं निमित्त करून परतले. एकदा सोनमचा फोटो आला होता. तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं, तर बायडाबाई दारातल्या पाव्हण्यांना सांगत होत्या, "हेच ते मास्तर, नातीला वाचवणारं." त्यानंतर कागलहून, चंदगडहून आया येऊ लागल्या. मास्तर कुणालाही नको म्हणत नव्हते. प्रत्येक कागद चार वेळा तपासायचे, आणि सोबत आलेली चटणीची पुडी शाळेतल्या शिपायाला देऊन टाकायचे.

२००५ च्या डिसेंबरात अक्षता आली. सोनम सात वर्षांची, पायात पट्टे लावलेला बूट. खोलीत आल्या आल्या टेबलावरची पेन्सिल तिनं डाव्या हातात घेतली आणि मास्तरांच्या कागदावर मांजर काढलं.

"सर, हिला रागवा. माझं ऐकत नाही."

"काढू दे," मास्तर म्हणाले. "माझ्या आकड्यांपेक्षा बरं हाय ते."

बायडाबाई चहा टाकायला घरी गेल्या. मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. सात वर्षं जपलेली ती बेरीज.

"अक्षता, तो एप्रिलचा कागद चुकला होता. एका तासानं. तुला थांबवलं ते... थांबायचं कारण नव्हतं."

अक्षतानं कागद वाचला. वर्गात वाचायची तसाच, ओठ मिटून. चेहऱ्यावर आश्चर्य आलं नाही. तिनं घडी घातली आणि कागद परत मास्तरांच्या खिशात ठेवला.

"सर, हे आईला कधी सांगू नका."

"पण तू..."

"चहा झाला गं!" बायडाबाईंची हाक आली. अक्षतानं सोनमचा हात धरला आणि त्या दोघी पट्ट्यांचा आवाज करत बाहेर पडल्या. चौथ्या दिवशी त्यांचं विमान होतं. तोवर ती एकटी भेटली नाही, की भेटायचं टाळत होती, मास्तरांना कळलं नाही.

आईला का सांगू नका? त्या एकाच वाक्यावर मास्तर अजून अडकले आहेत. ती थांबली असेल, तर आपल्या शपथेनं काय झालं हे आईला कळू नये म्हणून. पण फळ्यावरचं चिन्ह पकडणारी ती पोरगी. इंजिनिअर. सहाच दिवसांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं घरातली घड्याळं पुढं सारलेली. तिच्याकडचा एप्रिलचा कागद बघताक्षणी तो चुकलाय हे तिला कळलं नसेल? की कळलं, आणि ती तेव्हाच निघाली, आणि आईची आण मोडल्याचं कधी बोलली नाही?

वसीमनं आता बूथचं इंटरनेट कॅफे केलं आहे. मास्तर तिथं जाऊन बसतात. अक्षताचा पत्ता वर लिहून होतो. खाली नमस्कार, सोनम कशी आहे, एवढं होतं, आणि मग एकच ओळ, जी त्यांनी कितीदा तरी लिहून पुसली आहे:

त्या शनिवारी तू घरातून किती वाजता निघालीस?