हातभर अंतरावरचा चेंडू

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईत आमच्या कापड दुकानाचं शटर वर करत होतो. अर्धं वर गेलेलं शटर धरून तसाच उभा राहिलो... शेवटी शेजारच्या चहावाल्यानं येऊन ते माझ्या हातातून सोडवलं. शिवलिंगआप्पा माझा मावसभाऊ, बरोबरीचा. सिरसाळ्यात बियाणं-खताचं दुकान आणि आवाज असा, की देवळातल्या भोंग्यानं लाजावं. भर सभेत पुढाऱ्याच्या हातातला माईक काढून घेणारा हा गडी एकाच गोष्टीला घाबरायचा, हे आता सांगायला हरकत नाही. गोल्फच्या चेंडूला!

सिरसाळ्यात गोल्फ? हसा, आम्हीही हसलो होतो. झालं असं, की आप्पानं मुलगी पुण्यात दिली. व्याही निवृत्त इंजिनिअर, गोल्फ खेळणारे, अगदी सज्जन. पण आप्पा पडला मुलीचा बाप. लग्नात जोडलेले हात नंतरही जोडलेलेच राहिले. व्याह्यांसमोर आमचा वाघ नुसता "हो जी, हो जी" करायचा. त्यांनी कप उचलल्याशिवाय स्वतःच्या चहाला शिवायचा नाही. एकदा व्याह्यांनी त्याला मैदानावर नेलं. परत आला तो वेगळ्याच तोऱ्यात. म्हणाला, "तिथं कुनी मुलाचा बाप न्हाई, कुनी मुलीचा न्हाई. ज्याचा चेंडू भोकात, तो मोठा. त्या मानसासंगं एकदा बरोबरीनं खेळनार बघ मी."

मग गावाबाहेरच्या मुरमाड माळावर तयारी सुरू झाली. हिरवळ कुठून आणणार? आप्पानं वाळूत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल कालवलं, गोणपाट ओढून ती गुळगुळीत केली आणि मधोमध पत्र्याचा डबा पुरला. पहिला टोला मारताना मेंढपाळ रांगेत बसून बघायचे, आप्पाला घाम फुटायचा. विहिरीवरून चेंडू न्यायचा म्हणजे त्याहून लई भीती. आत किती चेंडू गेले ते बेडकांनाच ठाऊक. हळूहळू या दोन्ही भीती मोडल्या. एक मात्र मोडेना. डबा हातभर अंतरावर, चेंडू नुसता ढकलायचा... आणि आप्पाचं मनगट लाकूड व्हायचं. या खेळात रीत आहे, चेंडू इतका जवळ आला की समोरचा म्हणतो, "दिलं, उचला." म्हणजे पुढच्या टोल्यात चेंडू आत गेला असंच धरायचं. त्याच्यासोबत खेळणारे आम्ही दया येऊन लगेच "दिलं" म्हणायचो. आप्पा खवळायचा, "काहून देता रे? भीक हाय का?"

गेल्या हिवाळ्यात पुण्यात सामना ठरला. मी आपला प्रेक्षक. शेवटच्या भोकापर्यंत दोघं बरोबरीत आले, व्याह्यांचा चेंडू आत गेला आणि एक टोला हाती ठेवून आप्पाचा थांबला नेमका हातभर अलीकडे. व्याही हसून म्हणाले, "दिलं, आप्पा. उचला. बरोबरी."

आप्पा सरळ उभा राहिला.

"व्याहीसाहेब, माझ्या जागी दुसरं कुनी असतं, तर दिलं असतं का?"

व्याही म्हणाले, "नसतं दिलं."

"मग मला बी देऊ नका."

आप्पा वाकला. मी परळीच्या वैजनाथाला साकडं घातलं. चेंडू भोकाच्या काठावरून अर्धा वळसा घेऊन... बाहेर! आणि व्याही दोन्ही हात वर करून ओरडले, "हरलात! आप्पा, हरलात!" त्यांना इतकं मोकळं ओरडताना मी प्रथमच पाहिलं. आप्पा हसत हसत गवतावरच बसला. येताना गाडीत मला म्हणाला, "दया न्हाई केली गड्यानं." लॉटरी लागल्यासारखा चेहरा!

आप्पा गेल्यावर व्याही भेटायला आले. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, वर धुतलेला टॉवेल. व्याह्यांनी ती उचलून भिंतीला लावली आणि सतरंजीवर आमच्यात येऊन बसले. वहिनी कासावीस झाल्या, "अवो, तुमी खाली कसं..."

"वहिनी," व्याही म्हणाले, "आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध खेळलोय."

परवा ते पुन्हा आले. कुणी खुर्ची आणली नाही. आम्ही थोडं थोडं सरकलो, आणि ते बसले.