बोगदा कुणाचा

लग्नानंतर मी दिल्लीत, आर. के. पुरमला नवऱ्याला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा सासरे नुकतेच निवृत्त झाले होते आणि मागच्या बंद व्हरांड्यात मोठ्या टेबलावर मेट्रोची छोटी प्रतिकृती उभी करत होते. खांबांवरचा मार्ग तयार होता, त्यावरून चार डब्यांची गाडी फिरायची. जमिनीखालचा, म्हणजे टेबलाखालून जाणारा भाग मात्र त्यांना जमत नव्हता. गाडी बोगद्यातून वर चढताना चाकं जागच्या जागी फिरायची आणि डबे मागे घसरायचे.

मी रोज मेट्रोनं गुडगावच्या ऑफिसला जायचे. एकदा सहज म्हटलं, "बाबा, चढ लांबवून बघायचा का? भिंतीच्या कडेनं वळवून आणू."

"बघ बरं करून," ते म्हणाले.

पुढची दोन वर्षं माझे रविवार त्या व्हरांड्यात गेले. चढ मी काढला. भुयारी स्टेशन मी बांधलं, थर्माकोल कापून, रंगवून. उत्साहाच्या भरात त्याचं छत कायमचं चिकटवूनही टाकलं, आणि पहिल्याच फेरीत एक डबा आत रुळावरून घसरून अडकला. छत करवतीनं कापावं लागलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. मग समोरून पारदर्शक काच बसवली. माहेरी वडील नव्हते. त्या व्हरांड्यात मला ते मिळाले, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात रेल्वेची मॉडेल्स करणारे पाचसहा हौशी लोक आमच्याकडे बघायला आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन आत गेले. एकानं विचारलं, "सर, ये चढ़ाई कैसे निकाली?"

बाबा सांगू लागले. माझाच विचार, माझ्याच शब्दांत. मग छताचा किस्सा आला. "मैं भी कितना बेवकूफ़! छत ही चिपका दी!" सगळे हसले. माझी चूकसुद्धा त्यांनी माझ्याकडे ठेवली नाही.

"बहू ने भी मदद की होगी?" कुणीतरी माझ्याकडे बघत म्हणालं.

"बहू तो बस चाय पिलाती रही," बाबा म्हणाले. माझा नवरा शेजारीच उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. त्यानं माझ्या हातातली बशी घेतली आणि पाहुण्यांपुढे धरली.

पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, तू गप्प का राहिलास? "बाबांचं वय झालंय, यार. सोड ना," म्हणाला.

सकाळी बाबांनाच विचारलं. "बाबा, चढ मी काढला होता ना?"

"अगं, घरातलंच आहे सगळं. तुझं काय नि माझं काय."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांनी पेपर उलटला. म्हणाले, "आज दूध फाटलंय वाटतं."

त्यानंतर मी व्हरांड्यात गेले नाही. काही महिन्यांनी बोगद्यात गाडी पुन्हा पुन्हा घसरू लागली. दुरुस्तीसाठी टेबलाखाली सरपटत जावं लागतं, ते त्यांना गुडघ्यांमुळे जमत नाही. त्यांनी मला बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. आता गाडी फक्त वरच्या मार्गावर फिरते. आम्ही औषधांबद्दल बोलतो, भाजीबद्दल बोलतो. मी त्यांना अजून बाबाच म्हणते, पण हाक मारण्याआधी क्षणभर थांबते.