पंचेचाळीस पौंडांचं धनुष्य

विल्मा हार्टिगला धनुष्य हवं होतं ते हरणं मारायला नव्हे. पण उत्तर विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात धनुष्य म्हटलं की लोकांना हरणाशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

शाळेच्या स्वयंपाकघरात मोठाली पातेली उचलून उचलून विल्माचा उजवा खांदा कुरकुरायला लागला होता. मुलगी शिकायला मिनियापोलिसला गेली आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी घर खायला उठायचं. तेव्हा ती अग्निशमन दलाच्या जुन्या शेडमध्ये दर मंगळवारी भरणाऱ्या तिरंदाजीच्या क्लबात गेली. क्लब चालवायची अर्लीन, टपाल खात्यातून निवृत्त झालेली, सत्तरीची, तुरतुरीत बाई. तिने क्लबचं हलकं धनुष्य विल्माच्या हातात दिलं. थोड्याच वेळात एक बाण अगदी मधल्या पिवळ्या वर्तुळात जाऊन बसला आणि विल्मा लहान मुलीसारखी किंचाळली.

"आता स्वतःचं घे," अर्लीन म्हणाली. "स्वस्तातलंच घे, पण सुटं होणारं. सुरुवातीला हलकी पाती लाव, म्हणजे मुठीच्या वर-खालचे ते वाकणारे भाग. हात बसला की नुसती पाती बदलायची, मधली मूठ तीच राहते."

विल्माने हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आणि तिथेच चुकलं. नॉर्बर्ट लाकडाच्या गिरणीत कामाला होता आणि तरुणपणापासून धनुष्यानेच शिकार करायचा.

"अगं, त्यात डोकं काय शिणवायचं? मी आहे ना!"

वाढदिवसाला त्याने धनुष्य आणून टेबलावर ठेवलं. हिरवं-तपकिरी, रानात लपणारं, एकसंध, पाती बदलायची सोय नसलेलं. शिकारीचा हंगाम संपल्यावरच्या सेलमधलं, त्यामुळे परत घेणार नाहीत. ओढायला पंचेचाळीस पौंडांचा जोर.

विल्माने दोरी ओढली. ती हनुवटीपर्यंत काही येईना.

"पोटातून जोर लाव!"

"पोटातून काय लावू, कपाळ?"

"सवय होईल गं. हलकं घेऊन काय करणार, पोरांचं खेळणं ते."

सवय काही झाली नाही. दोरी कशीबशी यायची आणि बाण सुटायचा तो थेट मागच्या भिंतीत. खांदा इतका दुखायला लागला, की सकाळी शाळेत सूपचा डाव धरताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. अर्लीन म्हणायची, "ठेव ते बाजूला, क्लबचं घे." पण नवऱ्याने हौसेने आणलेलं बाजूला कसं ठेवायचं? आणि ती दर मंगळवारी मुकाट्याने भिंतीला भोकं पाडत राहायची.

शेवटी ती जवळच्या मोठ्या गावातल्या धनुष्यबाणांच्या दुकानात गेली. तिथल्या माणसाने आधी स्पर्धेचं चकाचक धनुष्य दाखवलं. किंमत ऐकून तिने ते हळूच खाली ठेवलं. मग त्याने मुलांचं प्लास्टिकचं काढलं.

"या दोन्हींच्या मधलं काही नाही का?"

"मॅडम, शिकारीची खूप आहेत. हे बघा, हरणासाठी एकदम झकास."

"अहो, हरणाने माझं काय घोडं मारलंय?" विल्मा इतक्या जोरात ओरडली, की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिचं तिलाच ओशाळं वाटलं. पण अर्लीनने सांगितलं होतं तसं सुटं धनुष्य, बावीस पौंडांची पाती, हे त्याच्याकडून मागणी-वहीत लिहून घेऊनच ती बाहेर पडली.

पुढच्या मंगळवारी तिने नॉर्बर्टला क्लबात नेलं. "सवय होते म्हणतोस ना? आज याच धनुष्याने तू मार. सगळ्यांबरोबर, सगळे बाण."

नॉर्बर्टचे पहिले बाण सुरेख गेले. त्याने मिशीतल्या मिशीत हसून बायकोकडे पाहिलं. पण रानात दिवसभर झाडावर बसून एखादाच बाण सोडावा लागतो. इथे एका संध्याकाळी साठ. निम्म्यावर त्याचं कोपर खाली यायला लागलं. मग एक बाण छताच्या तुळईत घुसला. शेडमध्ये कोणी हसलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

"दोरी ढिली पडलीय," तो पुटपुटला.

"हो का," विल्मा म्हणाली.

गाडीत त्याने ते धनुष्य मागच्या सीटवर ठेवलं. मग म्हणाला, "हे माझ्याकडेच राहू दे. तुझं तू बघ काय ते."

चुकलो, असं काही तो म्हणाला नाही.

तिचं धनुष्य आलं तेव्हा क्लबाचा हंगाम संपून शेडला कुलूप लागलं होतं. अख्खा हिवाळा वाया गेला म्हणून तिचा असा संताप झाला, की खोकं तिने दोन दिवस उघडलंच नाही. मग एका संध्याकाळी गॅरेजमागे अर्धवट वितळलेल्या बर्फात गवताचा भारा उभा केला आणि मारायला लागली. बाण खाली जात होते, डावीकडे जात होते, एक तर कुंपणापलीकडे गेला. पण दोरी हनुवटीपर्यंत येत होती, आणि खांदा गप्प होता.

नॉर्बर्ट दारात येऊन उभा राहिला. "खेळण्यातलंच वाटतं गं."

"मग खेळतेच आहे मी," विल्मा मागे न बघता म्हणाली. "आत जा, बटाटे करपतील."