अळणीचं ताट

लग्नाला दोन आठवडे होतात न होतात तोच, सासरा आपल्याला शिव्या घालतो म्हणून बॅग भरायला बसलेली सून पाहिली नसेल, तर ही बघून घ्या. आता ती स्वतःच ही गोष्ट सांगते, आणि अर्ध्यावर येऊन अशी हसत सुटते की पुढचं सासूबाईंना पुरं करावं लागतं.

झालं होतं असं. रात्री जेवायला सासऱ्यांच्या हातचा बटाट्याचा रस्सा होता. त्या घरात टेबलावर मिठाची बाटली ठेवत नाहीत, हे बिचारीला काय ठाऊक! ती हळूच म्हणाली, "बाबा, मीठ जरासं कमी वाटतंय."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी वर छताकडे बघितलं. आणि सासरे? ते सुनेकडे असे टक लावून बघायला लागले, की हिला वाटलं आता ताटच उचलतात. पण ते ताट तसंच टाकून उठून गेले.

सकाळी ती चहा ठेवायला गेली, तर सासरे रात्रीच्या पातेल्यावर वाकलेले. हातात ते भलंमोठं ओगराळं. त्यांनी रस्सा चाखला आणि गरजले, "खोटारड्या! मीठ बरोबर आहे! जीभ आहे की चपलेचा तळ?"

सून उलट्या पावली खोलीत. आईला फोन. "आई, मी नुसतं मीठ मागितलं गं!"

"मीठच ना? घर तर नाही ना मागितलंस?" आई पण अशी गुणाची.

तेवढ्यात सासूबाई दारात. बॅगेकडे बघून म्हणाल्या, "ठेव ती खाली. तुला नाही बोलले. अळणीला बोलले."

"अळणी कोण?"

"मेला तो."

"अगं बाई! कधी?"

"तुझ्या जन्माच्या आधी. चल, चहा उतू जातोय."

तर अशी या घराची तऱ्हा. सासरे म्हणजे पलटणीतले स्वयंपाकी. गल्ली त्यांना ओगराळेमामा म्हणते. हे आडनाव नव्हे, हत्यार! लोक फौजेतून पदकं घेऊन येतात, यांनी ओगराळं आणलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण थोडकं रांधायला हात काही वळला नाही. चौघांसाठी म्हणून सूप केलं तरी गल्लीत वाटावं लागतं, आणि गल्ली त्याला देशसेवा म्हणते.

अळणी हा त्यांच्या तुकडीतला एक शिपाई. रोज पहिला घास घेतला की, "मामा, मीठ कमी." रोज! मामा रोज भांडायचे. एका सकाळी तुकडी टेकडीवरच्या चौकीकडे निघाली. अळणीने उभ्याउभ्याच खाल्लं आणि चिमूटभर मीठ मागितलं. मामा म्हणाले, "मीठ बरोबर आहे. संध्याकाळी ये, पुराव्यासकट दाखवतो."

संध्याकाळी कोणीच आलं नाही. सहाचे सहा गेले.

"दिलं असतं चिमूटभर, तर काय झालं असतं?" मामा कधीमधी म्हणतात.

"काही नाही," सासूबाई म्हणतात. "मेलाच असता. पण भांडण मिटलं असतं, आणि मग तुम्ही काय केलं असतं जन्मभर?"

बघा, नवऱ्याचं सांत्वन करण्याची ही एक रीत.

तर मामांनी काय केलं, दरवर्षी त्या तारखेला गल्लीच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात रस्सा रांधायचा, सहा ताटं मांडायची आणि सहा जणांच्या जागी गल्लीतली सहा माणसं बसवायची. पण नुसतं गिळून उठायचं नाही हं! ज्याच्या जागी बसलात, त्याच्यासारखं जेवायचं. एक होता झोपाळू, दोन घास झाले की घोरायला लागायचा. त्याच्या जागी न्हावी बसतो. वर्षानुवर्षं घोरून घोरून तो आता इतका तरबेज झालाय की बायको म्हणते, ही कला घरी आणू नका. एक होता उचल्या, शेजारच्या ताटातला बटाटा पळवणारा. ते काम टेलरबाईंकडे. बोटं अशी चालतात की बटाटा गेला हे चावायची वेळ आली की कळतं. एक घासाघासाला बेसूर गायचा, तो पोस्टमन. एकाला सतत उचकी, एकाला सतत शंका. ती दोन ताटं गल्लीतल्या दोघा निवृत्त जवानांकडे. आणि अळणीच्या जागी सासूबाई. मामांशी तोंडाला तोंड देणारं दुसरं होतंच कोण?

नवखा माणूस दारातून बघेल तर म्हणेल, ही इस्पितळातून पळून आलेली मंडळी. पण मामांचं म्हणणं सरळ आहे. "स्मारकाच्या भिंतीवर त्यांची नावं आहेत, ती वाचून कोण ओळखणार? भिंतीवर सगळे सारखेच शूर. माझ्याकडे जेवायला यायचे ते सगळे वेगवेगळे आगाऊ होते."

यंदा मात्र सासूबाईंनी हात वर केले. डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं. "माझ्या ताटातलं अळणीच असणार. मी मीठ कमी म्हणाले तर ते खरंच असेल, मग भांडायचं कशावर? सूनबाईला बसवा. तिला उपजत येतं."

"मी?" सून दचकली.

"तू दुसऱ्या आठवड्यात म्हणालीस," मामा म्हणाले. "न शिकवता. मला रात्रभर झोप नाही लागली." आणि एवढंसं हसले. तेव्हा कुठे सुनेला कळलं, त्या रात्री ते रागावून उठले नव्हते. अळणीच येऊन बसला असं वाटलं होतं त्यांना.

सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात सेक्रेटरी उगवले. हॉलच्या समितीचे सेक्रेटरी म्हणजे माणूस वाईट नाही, पण जन्मतानासुद्धा आधी सूचना देऊन आला असेल. घरात आले, खुर्चीच्या टोकावर बसले.

"मामा, तक्रार आहे. हुतात्म्यांच्या नावावर लोक घोरतात म्हणे."

"एकच घोरतो," मामा म्हणाले.

"बटाटे चोरतात."

"तेही एकच. बाई आहे."

"हा अपमान आहे, मामा! यंदा मोठ्या साहेबांना बोलावलंय, फौजेतले निवृत्त. मीही येतो. गांभीर्य दिसलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून हॉल नाही. त्याऐवजी आम्ही छान कार्यक्रम करू. पुष्पचक्र, भाषण, दोन मिनिटं शांतता आणि बिस्किटं."

बिस्किटं म्हटल्यावर मामांचा चेहरा असा पडला की काय सांगू. एवढं मोठं पातेलं चढेल अशी शेगडी फक्त हॉलमध्ये. हॉल गेला म्हणजे सहाही जण गेले, दुसऱ्यांदा. गोळीबारात न घाबरलेला माणूस त्या बिस्किटाला घाबरला. संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगून आला, "यंदा नीट जेवा. घोरू नका, गाऊ नका. कुणी काही विचारलं तर 'छान झालंय' म्हणा."

सुनेलाही बजावलं. "पोरी, तूसुद्धा. छान झालंय, एवढंच."

"आणि मीठ?"

"मिठाचं नाव काढायचं नाही."

त्या दिवशी हॉलमध्ये टेबलावर पांढरी चादर, मध्ये पुष्पचक्र. ते इतकं मोठं की पलीकडचा माणूस फुलांतून डोकावायचा. साहेब आले. म्हातारे, ताठ, मिशा इस्त्री केल्यासारख्या. सेक्रेटरी त्यांच्या आणि टेलरबाईंच्या मध्ये बसले. मामांनी ओगराळ्याने वाढलं, सासूबाईंनी पाव ठेवले, आणि मामा भिंतीला टेकून उभे राहिले.

आणि काय जेवण ते! कुणी मेल्यावरही असं जेवत नाहीत, म्हणजे मेलं होतंच, पण तरी. न्हावी डोळे ताणून जागा. पोस्टमनच्या गळ्यात सूर अडकून त्याला घाम फुटलेला. उचकीवाल्याने उचकी दाबली ती नाकातून शिट्टीसारखी निघाली. टेलरबाईंनी उजवा हात चक्क मांडीखाली घालून त्यावर बसकण मारली होती आणि डाव्या हाताने जेवत होत्या. ओळीने सगळे म्हणाले, "छान झालंय."

"छान झालंय."

"छान झालंय."

सेक्रेटरी खुशीत. साहेबांनी चमचा तोंडात घातला आणि एका सुरात म्हणाले, "उत्तम." असं उत्तम ते जन्मभर म्हणत आले असणार, न चाखता.

सुनेची पाळी आली. तिने घास घेतला. खरं सांगायचं तर रस्सा असा जमला होता की बोटं चाटावीत. 'छान' हा शब्द ओठावर होता. तेवढ्यात तिचं लक्ष मामांकडे गेलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या ताटाकडे बघत होते, संध्याकाळी उशिरापर्यंत वाट पाहणारं माणूस दाराकडे बघतं तसं.

"मामा," सून म्हणाली. जन्मात तिने त्यांना मामा म्हटलं नव्हतं, बाबाच म्हणायची. "मीठ कमी."

सेक्रेटरींचा चमचा वाजला. मामांचं तोंड उघडं. मग मिटलं. मग त्यांनी ओगराळं असं उगारलं की पुष्पचक्राच्या दोन पाकळ्या गळाल्या.

"मीठ बरोबर आहे!"

"कमी आहे."

"जीभ आहे की चपलेचा तळ?"

"तुमचाच रस्सा खाऊन झालीय तशी!"

"अहो, काय चाललंय!" सेक्रेटरी उठले. "साहेबांसमोर? मामा, हॉलचा विचार..." पण बोलता बोलता खाली बसले, चमचा ताटात फिरवला, पुन्हा फिरवला आणि ओरडले, "माझा बटाटा कुठंय?"

टेलरबाई चावत होत्या. "कसला बटाटा?" असं तोंड भरून विचारलं.

"मोठा होता! मी शेवटी खायचा म्हणून ठेवला होता!"

बस्स. पोस्टमनचा सूर फुटला, आणि तो असा बेसूर की हॉलचं दार आपोआप लागलं म्हणतात. न्हाव्याने मान टाकली आणि घोरायला लागला. उचकीवाला मोकळा झाला. शंकेखोराने विचारलं, "हा रस्सा आजचाच आहे ना?" सेक्रेटरी साहेबांकडे वळले. "साहेब, माफ करा, मी हे आजच्या आज बंद..."

साहेब तिथे नव्हतेच, म्हणजे मनाने. ते सेक्रेटरींच्या ताटावर वाकले होते आणि त्यांच्या चमच्यात सेक्रेटरींचा दुसरा बटाटा होता.

"साहेब!"

"इतकी वर्षं पुष्पचक्रं वाहतोय," साहेब म्हणाले. बटाटा तोंडात असल्यामुळे जरा वेळ लागला. "माझ्याकडेही एक होता. दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा. कुणी मला त्याच्यासारखं जेवू दिलं नाही. मामा, पुढच्या वर्षी त्याचं एक ताट मांडाल?"

"मांडतो की," मामा म्हणाले. "रस्सा काय, उरतोच."

सगळे सेक्रेटरींकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी रिकाम्या ताटाकडे बघितलं, डावीकडे टेलरबाई, उजवीकडे साहेब. माणूस दोन फौजांच्या मध्ये सापडला होता.

"पुढच्या वर्षी," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "मला या दोघांच्या मध्ये बसवू नका. मी लांब, दाराशी बसेन."

झाली हो परवानगी! सासूबाईंनी लगेच त्यांच्या ताटात दोन बटाटे घातले आणि वर हाताने झाकून बसायला सांगितलं.

मामांचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. ते टेबलाला वळसा घालून सुनेपाशी आले.

"बोल. अजून कमी आहे?"

"कमीच आहे. मी काय खोटं बोलतेय?"

"मग ताट दाखव."

सुनेने खाली बघितलं. भांडता भांडता ताट असं पुसून निघालं होतं की नवं विकायला ठेवावं. पावाचा तुकडासुद्धा उरला नव्हता. तिने घाईघाईने ताटावर हात ठेवला.

"भूक लागली होती मला."

"भूक वेगळी, मीठ वेगळं. अळणी रस्सा माणूस पुसून खात नाही. हा बघ पुरावा." मामांनी ते ताट उचललं, सगळ्यांना ओळीने फिरवून दाखवलं, झोपलेल्या न्हाव्याला डोळा उघडायला लावून त्यालाही दाखवलं. मग ताट परत तिच्यापुढे ठेवलं. "आता काय म्हणतोस?"

सुनेने ओठाला लागलेला रस्सा पुसला आणि ताट पुढे सरकवलं.

"म्हटलं होतं ना," मामा म्हणाले आणि ओगराळं भरून रस्सा पुन्हा तिच्या ताटात ओतला, "बरोबर आहे म्हणून."