डावा खांदा

शिंपीणकाकूंचे कान एका तापात गेले, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून नवऱ्याचं व्हायोलिन त्या डोळ्यांनीच ऐकत. काका वाद्यवृंदात वाजवायचे. सूर चढला की त्यांचा डावा खांदा चढे, हळवी जागा आली की मान लाकडावर कलंडे, आणि काही मजेचं असलं की खुर्चीसकट डुलत. काकू पुढच्या रांगेत बसून सगळं टिपत. काकूंना ओठ वाचता येतात हे विसरून शेजारणी बाजूला काय काय बोलत, ते सोडा.

मग काकांचा धाकटा भाऊ गेला. तोही तिथेच, काकांच्या उजव्या हाताला बसून बासरी वाजवायचा. काका रडले नाहीत. जेवत, तालमीला जात, भिंतीकडे तोंड करून झोपत. माणूस आत कुठे जाऊन बसलाय, काकूंना पत्ता लागेना. भाऊजींच्या आठवणीत कार्यक्रम ठरला, तेव्हा त्यांनी मनाशी धरलं, तिथे कळेल.

आदल्या दिवशी काका कोट घेऊन मशीनपाशी आले.

"डावी बगल आवळून दे."

"अहो, मग खांदा उचलणार नाही."

"तेच हवंय. नवे संचालक म्हणतात, कोणी हलायचं नाही. पिकात वारा शिरल्यासारखं दिसतं म्हणे. माझं अंग माझं ऐकत नाही, कोटाचं तरी ऐकेल."

"आणि उजवी?"

"तिला हात लावू नकोस. गज चालवायचाय."

काकूंनी टीप मारली. वाकडी आली म्हणून उसवून पुन्हा मारली. एरवी त्यांची टीप वाकडी येत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात काका खांबासारखे बसले. उजवा हात तेवढा येत-जात होता, करवत चालवावी तसा. शेजारी जाऊबाई हुंदके देत होत्या, मागच्यांचेही रुमाल निघाले. काकू कोरड्या डोळ्यांनी बसून राहिल्या.

घरी येऊन काकांनी विचारलं, "कसं झालं?"

"सगळे रडले."

"आणि तू?"

"मला काही ऐकू आलं नाही हो."

इतक्या वर्षांत काकूंनी हे कधी म्हटलं नव्हतं. काकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि नुसत्या सदऱ्यावर व्हायोलिन हनुवटीखाली धरलं.

खांदा चढला, मान कलंडली. मग बासरीची जागा आली असावी, कारण काका थांबले आणि सवयीने उजवीकडे वळून पाहिलं. तिकडे स्वयंपाकघराचं दार होतं. गज खाली आला, तरी दोन्ही खांदे हलतच राहिले.

काकू उठल्या आणि त्यांच्या हातातलं व्हायोलिन काढून घेतलं.